स्टालिनग्राडचा पवाडा, भिलाईची भट्टी

हावड्याहून मुंबईकडे येणारा लोहमार्ग रायपूर सोडून दुर्गला पोचेपर्यंत भिलाईच्या नावाची तीन स्थानकं घेतो: भिलाई, भिलाई पावर हाउस आणि भिलाई नगर. मधलं पावर हाउस म्हणजे गावाचा बाजार. रुळांच्या एका अंगाला पोलाद कारखाना आणि सेक्टरांत विभागलेली आखीव टाऊनशिप. दुसऱ्या अंगाला जी. ई. रोड, नंदिनी रोड, कॅम्प १, कॅम्प २ आणि त्यापलीकडे जामुलपर्यंत पसरलेला खासगी कारखान्यांचा पट्टा. टाऊनशिपमध्ये रस्ते रुंद, घरांना क्रमांक, मधे मैदानं. पावर हाउसला दुकानाला दुकान खेटलेलं आणि गिऱ्हाइकं हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू, भोजपुरी, ओडिया, मराठी अशा सगळ्या भाषांत घासाघीस करणारी. कारखान्यानं देशभरातून माणसं ओढून आणली. त्यांतल्या ज्यांच्या वाट्याला क्वार्टर आलं नाही, त्यांतली बरीचशी या अंगाला वसली.

२ फेब्रुवारी हा इथं चारचौघांसारखा दिवस. सभा नाही, हार नाही, फलक नाही. तसं पाहिलं तर असायला हरकत नव्हती. २ फेब्रुवारी १९४३ रोजी व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडमध्ये जर्मन सैन्याच्या उरल्यासुरल्या तुकड्यांनी शस्त्रं खाली ठेवली. आणि बरोबर बारा वर्षांनी, २ फेब्रुवारी १९५५ रोजी, दिल्लीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईला पोलाद कारखाना उभारण्याचा करार झाला. तारीख मुद्दाम साधली होती असं म्हणायला काही आधार नाही. योगायोगच म्हणायचा. पण करारामागून भिलाईत जे सोव्हिएत इंजिनिअर आले त्यांच्या पिढीनं ते युद्ध अंगावर घेतलेलं होतं. आणि स्टालिनग्राडशी मराठीचं नातं तर या कराराच्याही आधी, मुंबईच्या एका झोपडवस्तीत जडलं होतं.

परक्या मुलखातल्या लढाईची आठवण कोण ठेवतं आणि कशासाठी, हे पाहायचं तर भिलाईइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

आधी लढाई. सोव्हिएत गणनेप्रमाणे ती १७ जुलै १९४२ रोजी सुरू झाली आणि २०० दिवस चालली. २३ ऑगस्टला जर्मन विमानांनी शहरावर बॉम्बचा असा वर्षाव केला की लाकडी घरांचे मोहल्लेच्या मोहल्ले जळून गेले. व्होल्गाच्या काठाला लागून हे शहर लांबच लांब पसरलेलं. त्याच्या उत्तर भागात तीन प्रचंड कारखाने होते. ट्रॅक्टर कारखाना, ‘बॅरिकाडी’ नावाचा तोफांचा कारखाना आणि ‘क्रास्नी ऑक्त्याब्र’ म्हणजे ‘लाल ऑक्टोबर’ हा पोलाद कारखाना. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधली सगळ्यात भीषण झुंज या तीन आवारांत झाली. एका शेडमध्ये जर्मन, शेजारच्या शेडमध्ये रशियन, मधे थंड पडलेल्या ओपन हार्थ भट्ट्या. कामगारांच्या तुकड्या बंदुका घेऊन उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर कारखान्यात तेव्हा रणगाडे बनत होते. ते थेट आघाडीवर जात.

१९ नोव्हेंबरला लाल सेनेनं बाहेरून वेढा आवळायला सुरुवात केली. फील्ड मार्शल पाउलुस ३१ जानेवारीला एका डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात शरण आला, आणि उत्तरेकडच्या कारखान्यांच्या भागात अडकलेल्या तुकड्या २ फेब्रुवारीला. सुमारे ९१,००० जर्मन कैदी झाले. त्यांतले जेमतेम ५ ते ६ हजार पुढं मायदेशी पोचले. शेवटच्या जर्मन युद्धकैद्यांची पाठवणी १९५५-५६ मध्ये झाली, म्हणजे भिलाईचा करार झाला त्या सुमारास. दोन्ही बाजूंचे मेलेले आणि जखमी मिळून आकडा लाखांच्या पटीत जातो.

मुंबईच्या गिरणी कामगाराला ही लढाई समजायला युरोपचा नकाशा लागला नाही. कारखान्याच्या आत, यंत्रांच्या आडोशानं, पाळीवरच्या माणसांनी लढलेली लढाई त्याला ताबडतोब कळली. ती त्याच्यापर्यंत नेणारा माणूसही त्याच्यातलाच होता.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णाभाऊ, १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात मांगवाड्यात जन्मले. शाळा दीड दिवसाची. लहानपणी घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली, हाताला मिळेल ते काम केलं, गिरणीत राबले, दुकानांच्या पाट्यांवरून अक्षरं लावत वाचायला शिकले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांची कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशी गाठ पडली. त्यांचं पहिलं गाजलेलं गाणं डासांवरचं होतं. कॅम्पातल्या रहिवाशांना डास हाच रोजचा शत्रू. तिथून १९४३ साली हा तेवीस वर्षांचा तरुण थेट व्होल्गाकाठी गेला आणि त्यानं ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ लिहिला.

या उडीचं नवल वाटतं, पण पवाडा या प्रकाराकडे पाहिलं तर फारसं वाटू नये. अज्ञानदासानं अफझलखानाच्या वधाचा पवाडा रचला, तुळशीदासानं सिंहगडाचा. दोन्ही नुकत्याच होऊन गेलेल्या घटनांवर. शाहीर हा मूळचा बातमीदार. तो लढाई उभी करतो, सेनापतींची नावं घेतो, कुठल्या बाजूनं हल्ला आला ते सांगतो, मधेच चाल बदलून कटाव घेतो, आणि ऐकणाऱ्याला धाप लागायची वेळ आली की झीलकरी मागून ‘जी जी’ करत सूर उचलून धरतात. हाताशी डफ, तुणतुणं, झांज. छपाई नको, वीज नको, अक्षरओळखही नको. १९४३ मध्ये गिरणगावात वर्तमानपत्र वाचू शकणारे थोडे आणि ऐकणारे हजारो होते. पानिपत ज्या साधनानं घराघरात पोचलं त्याच साधनानं स्टालिनग्राड पोचलं.

त्या काळात स्टालिनग्राडवर कविता करणारे अण्णाभाऊ एकटे नव्हते. चिलीच्या पाब्लो नेरूदानं १९४२ मध्येच मेक्सिकोत असताना स्टालिनग्राडवर कविता लिहिली, आणि ती मेक्सिको शहराच्या भिंतींवर पोस्टर करून चिकटवली गेली. ब्राझीलच्या कार्लोस द्रुमोंद दि आंद्रादी यानं या शहराला उद्देशून पत्ररूपी कविता लिहिली. हे दोघं शिकलेले, एक वकिलातीतला, एक सरकारी खात्यातला. लेबर कॅम्पातल्या झोपडीत बसून त्याच विषयाला हात घालणारा, आणि तो लोकांसमोर उभा राहून गाणारा, हा आपला. अण्णाभाऊंच्या या पवाड्याचं पुढं रशियनमध्ये भाषांतर झालं. बर्लिन पडल्यावर त्यांनी ‘बर्लिनचा पवाडा’ही केला, आणि मधल्या काळात दुष्काळानं मरणाऱ्या बंगालसाठी ‘बंगालची हाक’.

मात्र या पवाड्याची दुसरी बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला, नेते तुरुंगात गेले, आणि कम्युनिस्ट पक्ष मात्र हे ‘लोकयुद्ध’ आहे म्हणून इंग्रजांच्या युद्धप्रयत्नांना अडथळा करू नका असं सांगत होता. पक्षाच्या मराठी साप्ताहिकाचं नावच ‘लोकयुद्ध’ होतं. अण्णाभाऊंच्या स्वतःच्या मुलखात, वाळव्याच्या शिवारांत, त्या वेळी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होतं. म्हणजे साताऱ्याचा एक पोरगा मुंबईत व्होल्गेची लढाई गात होता आणि त्याच्या गावाकडची पोरं कृष्णाकाठी वेगळीच लढाई लढत होती. त्या काळातल्या अनेकांनी पक्षाला याबद्दल कधी माफ केलं नाही. पवाडा टिकला याचं श्रेय पक्षाच्या भूमिकेला देता येत नाही. ते शाहिराच्या ताकदीला द्यावं लागतं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर अण्णाभाऊंनी ‘लाल बावटा कलापथक’ उभारलं, आणि पुढं संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच गळ्यांनी मैदानं भरली. तेव्हा त्यांच्यावरचा जुना राग बराचसा ओसरला होता.

आणखी एक धागा इथंच सांगून टाकावा. सोव्हिएत संघाला लागणारी दोस्तांची कुमक ज्या वाटांनी जात होती त्यांतली एक इराणमधून जाई. त्या वाटेवर रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे भारतीय जवान लष्करी सामान पोचवत. या कामाबद्दल १९४४ मध्ये सोव्हिएत सरकारनं दोन भारतीयांना ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ दिलं: कुमाऊंचे हवालदार गजेंद्र सिंह चंद आणि तमिळनाडूचे सुभेदार नारायणराव निकम. निकम हे आडनाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारतातच. तमिळ मुलखात मराठी कुटुंबं तंजावरच्या भोसल्यांच्या काळापासून नांदत आली आहेत.

आता भिलाईकडे. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. भिलाई आणि अकोला एकाच विधानसभेखाली होते, हे आज सांगितलं तर लोक चमकतात. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांनी कारखाना आपल्या राज्यात यावा म्हणून जोर लावला होता. जवळच दल्ली-राजहराला लोखंडाची खाण, नंदिनीला चुनखडी, तांदुला धरणाचं पाणी, आणि दारातून जाणारा मुंबई-हावडा लोहमार्ग. जागेची निवड चोख होती. पुढच्याच वर्षी राज्य पुनर्रचना झाली, विदर्भ वेगळा निघाला, राजधानी भोपाळला गेली. तेव्हा भिलाईच्या माळावर मोजणीच्या खुंट्या ठोकल्या जात होत्या.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत सरकारनं तीन पोलाद कारखाने काढले आणि ते तीन वेगवेगळ्या देशांच्या मदतीनं. भिलाई सोव्हिएत संघाच्या, राउरकेला पश्चिम जर्मनीच्या, दुर्गापूर ब्रिटनच्या. दीड दशकापूर्वी एकाच महायुद्धात लढलेले तीन देश आता भारतातल्या तीन माळांवर शर्यतीत उतरले होते. राउरकेल्याची आखणी क्रुप आणि डेमाग या जर्मन कंपन्यांकडे होती; क्रुप म्हणजे ज्यांच्या तोफांनी सेवास्तोपोल फोडलं ते. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी राउरकेल्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, आणि दुसऱ्या दिवशी, ४ फेब्रुवारीला, भिलाईच्या. स्टालिनग्राडच्या शरणागतीला सोळा वर्षं झाली त्याच आठवड्यात एकाच धोतर-टोपीवाल्या वयोवृद्ध गृहस्थानं जर्मन भट्टीही सुरू केली आणि रशियन भट्टीही. त्या समारंभांत ही गोष्ट कुणाच्या मनात आली असेल तर ती परदेशी पाहुण्यांच्याच.

भिलाईच्या उभारणीतले सोव्हिएत प्रमुख अभियंता होते वेनियामिन दिमशित्स. त्यांचा आधीचा हिशेब पाहिला की भिलाईच्या भट्टीत युद्ध किती खोल मुरलं होतं ते दिसतं. १९३९ ते १९४६ ते उरल पर्वतातल्या माग्निटोगोर्स्कच्या बांधकाम संस्थेचे प्रमुख होते. जर्मन सैन्य पुढं सरकू लागलं तेव्हा पश्चिमेकडचे कारखाने खोलून, आगगाडीच्या डब्यांत भरून उरलकडे नेले गेले. युक्रेनमधल्या झापोरिझ्झ्याच्या पोलाद कारखान्याची यंत्रसामग्रीही त्यांत होती. माग्निटोगोर्स्कला ऐन युद्धात नव्या झोतभट्ट्या उभ्या राहिल्या. सोव्हिएत रणगाड्यांपैकी दर दुसऱ्याचं पोलाद तिथलं, अशी रशियात म्हणच आहे. युद्ध संपल्यावर १९४६ ते १९५० दिमशित्स त्याच झापोरिझ्झ्याला गेले, कारण माघार घेताना जर्मनांनी कारखाना उडवून दिला होता. तो त्यांनी पुन्हा उभा केला. आणि १९५७ मध्ये ते छत्तीसगडच्या उन्हात येऊन उभे राहिले. त्यांच्याबरोबर आलेल्या वरिष्ठ मंडळींपैकी बहुतेकांचं तारुण्य त्या युद्धात गेलेलं. कुणी आघाडीवर, कुणी भट्टीपुढं.

या माणसांनी पडलेली भट्टी पुन्हा पेटवण्याचं काम एकदा नव्हे, अनेकदा केलं होतं. तेव्हा कोऱ्या माळावर नवी भट्टी उभारणं त्यांना त्या मानानं सोपं वाटलं असल्यास नवल नाही. करारापासून पहिल्या भट्टीपर्यंत चार वर्षं लागली. १९६१ पर्यंत दहा लाख टनांचा पहिला टप्पा पुरा झाला. शेकडो भारतीय तरुण प्रशिक्षणासाठी सोव्हिएत कारखान्यांत जाऊन आले आणि तिथून रशियन शब्द, फरच्या टोप्या आणि समोवार घेऊन आले. १९६० च्या फेब्रुवारीत खुद्द निकिता ख्रुश्चेव्ह भिलाईला आले. आले ते सोव्हिएत पंतप्रधान म्हणून. पण १९४२ मध्ये हेच ख्रुश्चेव्ह स्टालिनग्राड आघाडीच्या लष्करी मंडळाचे सदस्य होते आणि व्होल्गाकाठच्या मुख्यालयात बसून त्या लढाईचे निरोप ऐकत होते. स्टालिनग्राड प्रत्यक्ष पाहिलेला याहून मोठा साक्षीदार भिलाईत कधी आला नाही. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९६१ मध्ये, त्यांच्याच राजवटीत स्टालिनचं नाव पुसलं गेलं आणि शहर व्होल्गोग्राड झालं. अण्णाभाऊंनी रशियाचा बहुप्रतीक्षित प्रवास केला तोही १९६१ मध्येच.

भिलाईत सोव्हिएत मैत्रीच्या खुणा पुष्कळ आहेत. १९७२ मध्ये सुरू झालेलं ‘मैत्री बाग’ हे प्राणिसंग्रहालय आज मुख्यतः पांढऱ्या वाघांसाठी ओळखलं जातं. नावातली मैत्री कुणाची हे बागेत आलेल्या शाळकरी पोरांना क्वचितच ठाऊक असतं. रेल्वेचे रूळ पुरवणारा कारखाना म्हणून भिलाईचं नाव देशभर झालं, ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजासाठी लागलेल्या पोलादातही त्याचा वाटा आहे. पण इथं स्टालिनग्राडची आठवण कुणी मुद्दाम लावली नाही. रशियनांनी ती मागितली नाही आणि कारखान्याच्या कारभाऱ्यांना तिची गरज वाटली नाही. मैत्री साजरी करायला सगळे तयार असतात. जिच्यातून ती माणसं तावूनसुलाखून निघाली ती लढाई मात्र मधल्यामधे गळून गेली.

पावर हाउसला स्मृतिदिन आहे. तो वेगळा आहे आणि त्याची तारीख आहे १ जुलै.

त्याची गोष्ट भिलाईच्याच कोक ओव्हनपासून सुरू होते. शंकर गुहा नियोगी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३ चा, म्हणजे स्टालिनग्राड संपल्यानंतर बाराव्या दिवशीचा. बंगालमधून आलेला हा तरुण १९६० च्या दशकात भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये कामाला लागला, संघटना बांधली म्हणून नोकरीतून गेला, आणि पुढं भिलाईला लोखंड पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणीत कंत्राटी मजुरांचा नेता झाला. तिथं २ आणि ३ जून १९७७ रोजी गोळीबार झाला, अकरा जण मेले. त्यांच्या नावानं मजुरांनी आपल्याच वर्गणीतून आणि श्रमातून दवाखाना बांधला: ‘शहीद हॉस्पिटल’, उद्घाटन ३ जून १९८३. स्मारक म्हटलं की आपल्याकडे चौथरा आणि पुतळा डोळ्यांसमोर येतो. दल्ली-राजहराच्या मजुरांनी बाळंतपणाची खोली आणि ऑपरेशन थिएटर उभं केलं. नियोगींच्या संघटनेला तारखांचं मोल फार चांगलं कळत होतं. १० डिसेंबर १८५७ रोजी रायपूरला फासावर गेलेले सोनाखानचे वीर नारायण सिंह यांचं स्मरण खाणीतल्या मजुरांमध्ये पुन्हा सुरू केलं तेही याच संघटनेनं.

१९९० च्या सुमारास नियोगी भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या कामगारांकडे वळले. मागणी होती जगता येईल एवढ्या मजुरीची आणि कायम नोकरीची. हजारो कामगार कामावरून काढले गेले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींना भिलाईतल्या घरात झोपेतच गोळी घालण्यात आली. आंदोलन थांबलं नाही. १ जुलै १९९२ रोजी नियोगींच्या छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे कामगार, त्यांच्या बायका, पोरं, पावर हाउस स्थानकाच्या रुळांवर येऊन बसली. मुंबई-हावडा मार्ग तासन् तास बंद पडला. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार मेले. एका पोलीस अधिकाऱ्याचाही जीव गेला.

तेव्हापासून दर १ जुलैला पावर हाउसला शहीद दिवस होतो. मोर्चाचा झेंडा लाल-हिरवा: लाल कामगारांचा, हिरवा किसानांचा. त्या दिवशी कामगार वस्त्यांतून जथे निघतात, स्थानकाजवळ येतात, फुलं वाहतात, मेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचतात. बायकांची संख्या लक्षात येण्याजोगी असते. मोर्चाचे आज वेगवेगळे गट झाले आहेत, त्यांची आपसांत फारशी मैत्री नाही. तारीख मात्र कुणी सोडलेली नाही. पावसाळा नुकताच लागलेला असतो आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यातला छत्तीसगडी पाऊस सभेची पर्वा करत नाही. मागण्यांची यादीही दरवर्षी वाचली जाते, आणि तिच्यात कंत्राटी मजूर हा शब्द अजून आहे.

हे सगळं सरकारी मदतीशिवाय चालतं. उलट जिथं सरकार स्मृतिदिन हाती घेतं तिथं काय होतं, ते पाहायला पुन्हा व्होल्गाकाठी जावं लागेल.

तिथं मामायेव कुर्गान या टेकडीवर १९६७ पासून तलवार उगारलेल्या मातृभूमीचा पुतळा उभा आहे, उंची ८५ मीटर. शहराला आता व्होल्गोग्राड म्हणतात, पण २०१३ मध्ये नगर परिषदेनं ठरवलं की वर्षातल्या काही ठरावीक दिवशी अधिकृत कार्यक्रमांत ‘वीरनगरी स्टालिनग्राड’ असं म्हणायचं. २ फेब्रुवारी त्यांपैकी एक. वर्षभर व्होल्गोग्राड आणि स्मृतिदिनी स्टालिनग्राड, असा हा प्रकार. फेब्रुवारी २०२३ मध्ये लढाईची ८० वर्षं साजरी झाली तेव्हा शहरात स्टालिनचा नवा अर्धपुतळा बसवला गेला. पुतिन आले, आणि युक्रेनला जर्मन रणगाडे मिळणार या बातमीचा धागा पकडून त्यांनी जुन्या लढाईचा नव्या युद्धाशी सांधा जुळवला. २०२५ मध्ये तिथल्या विमानतळाला स्टालिनग्राड हे नाव देण्यात आलं. लढलेले सैनिक सोव्हिएत होते, म्हणजे त्यांत युक्रेनी, कझाक, उझबेक, तातार सगळे होते, हे अशा भाषणांत मागं पडतं. दिमशित्स यांनी ढिगाऱ्यातून उभ्या केलेल्या कारखान्याचं झापोरिझ्झ्या शहर गेली काही वर्षं रशियन क्षेपणास्त्रांखाली आहे.

युक्रेनमधल्या याच युद्धाच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबर २०२२ मध्ये, मॉस्कोच्या रुदोमिनो परदेशी साहित्य ग्रंथालयात अण्णाभाऊ साठ्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. ते केलं देवेंद्र फडणवीस यांनी. कम्युनिस्ट शाहिराचा पुतळा भाजपच्या नेत्याच्या हस्ते उघडला जावा, तोही सोव्हिएत संघ उरलेला नसलेल्या मॉस्कोत, ही गोष्ट अण्णाभाऊंना कळली असती तर त्यांनी तिच्यावर एखादा फर्मास वग लिहिला असता. मातंग समाजातल्या एका माणसाचा पुतळा मॉस्कोत उभा राहिला याचा आनंद वाटेगावात खरा होता, आणि तो कुणी हिणवू नये. तरी सोहळ्याच्या बातम्यांत पुतळा, पाहुणे आणि दोन देशांचे संबंध यांनाच जागा मिळाली. ज्या रचनेनं अण्णाभाऊंचं रशियाशी पहिलं नातं जुळवलं ती समग्र वाङ्मयाच्या पानांत राहिली. गाणाऱ्यांच्या तोंडी ती आता जवळजवळ नाही. शाहिरी स्पर्धांमध्ये अफझलखान, बाजीप्रभू आणि सिंहगड यांनाच वेळ पुरत नाही.

दुर्ग, भिलाई, रायपूर, राजनांदगाव या पट्ट्यात मराठी कुटुंबं कमी नाहीत. काही नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासूनची, काही नागपूर राजधानी असतानाची, काही कारखान्याच्या भरतीबरोबर आलेली. त्यांचे गणपती बसतात, हळदीकुंकू होतं, दिवाळी पहाट होते. एखाद्या वर्षी २ फेब्रुवारीला भिलाईत स्टालिनग्राडचा पवाडा उभा राहायला काहीच अडचण नसावी. शाहीर विदर्भातून येऊ शकतो. रात्रीच्या गाडीत बसला तर सकाळी पावर हाउसला उतरेल. डफ आणि तुणतुणं तो घेऊनच येईल, झीलकरी दोन पुरतात. ऐकायला पहिल्या पाळीवरून सुटलेली माणसं बोलवावीत, टाऊनशिपमधली आणि कॅम्पातलीही, म्हणजे ओपन हार्थ भट्ट्यांमधून चाललेली झुंज कशी असेल हे शाहिराला समजावून सांगावं लागणार नाही. भिलाईच्या जुन्या कामगारांनी तसल्या भट्ट्यांवर उभी नोकरी काढलेली आहे.